फिन्टन सापडेपर्यंत सराव बंद

९ नोव्हेंबर, रविवार

फिन्टन रात्री घरी आलाच नाही. सकाळी त्याची गाडी नदीच्या पुलाजवळ मिळाली. दार उघडं, किल्ली आतच. मागच्या सीटवर त्याच्या हर्लिंगच्या काठ्या आणि चेंडू. फोनसुद्धा तिथेच.

काल आमचा क्लब शेजारच्या बॅलिनार्डकडून मॅच हरला. पण तो सगळ्यांत चांगला खेळला! मॅचनंतर हसत होता म्हणे. जो येतो तो हेच सांगतो – हसत होता, हसत होता. गेले काही आठवडे तो ताटातलं नुसतं चिवडायचा, हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत.

पोलिसाने बाबांना विचारलं, "मुलाचं काही बिनसलं होतं का?"

बाबा म्हणाले, "तो बचावफळीत मधे खेळतो."

बस्स.

१० नोव्हेंबर, सोमवार

क्लबच्या फाटकावर पुठ्ठा लावलाय – फिन्टन सापडेपर्यंत सराव बंद. अक्षर डिनी हॅकेटचं. फिन्टनला हातात काठी कशी धरायची ते डिनीनेच शिकवलं. एरवी मैदानाबाहेरून सगळ्यांच्या नावाने शिमगा करणारा आमचा मॅनेजर! आज स्वयंपाकघरात येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. आई म्हणाली, "बस ना डिनी." बसला नाही.

नदीवर माणसं वाटून दिली ती मात्र संघ निवडावा तशीच. फुटबॉलवाले डाव्या काठाला, हर्लिंगवाले उजव्या काठाला, आम्हा मुलींचा संघ लव्हाळ्यांत. "नुआला, तू घरी थांब," म्हणाला. मी थांबले नाही. काठीने लव्हाळी बाजूला करायची, आत बघायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता. आणि नसायचं काही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बॅलिनार्डचे लोक आले, स्वतःच्या होड्या घेऊन. शनिवारी ज्या डोनल क्रोने फिन्टनच्या बोटांवर काठी हाणली, तोच कमरेइतक्या पाण्यात!

डिनी काठावरून ओरडला, "अरे क्रो, जरा हल की! मॅचमध्येही असाच खांबासारखा उभा असतोस."

"तुझे फॉरवर्ड बघून मला झोप येते रे म्हाताऱ्या!"

सगळे हसले. मीही हसले. लगेच तोंडावर हात ठेवला. नंतर क्रो माझ्याजवळ आला. नाकातून पाणी गळत होतं त्याच्या. "त्याचं बोट... फार सुजलं होतं का गं?" मी नाही म्हणाले. खोटंच.

१३ नोव्हेंबर

पाऊस. पाणी चढलं. पाणबुडे वर आले ते पुन्हा उतरले नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ओट्यावर जागा नाही. जो तो मटणाचं कालवण आणतो, केक आणतो. क्लबात तर चहाचं आधण उतरतच नाही. सगळे इतके चांगले वागतात की मला किंचाळावंसं वाटतं.

आई आज डिनीला म्हणाली, "जसा असेल तसा आण रे मला. बघवणार नाही वगैरे म्हणू नकोस. मी त्याची आई आहे."

परवापरवापर्यंत ती 'येईल तो' म्हणत होती. कधी बदललं हे? माझ्या लक्षातच आलं नाही.

बाबा उजाडताच नदीवर जातात, अंधारलं की येतात. बूटही काढत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शिट्टी वाजली. पंचांची शिट्टी – सापडला तर वाजवायची असं ठरलं होतं. बंधाऱ्याखालून वाजली. काठावरचे सगळे जागच्या जागी थांबले. टोप्या उतरल्या.

मला जाऊ दिलं नाही. क्रोने मला मिठीत घट्ट धरून ठेवलं. मी त्याला गुद्दे मारले बहुतेक.

आईने फिन्टनचा निळा सूट काढला, ब्रश मारला. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून आहेत. रडत नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तो फिन्टन नाही.

दातांवरून कळलं. मॉसी टायनन आहे. गिरणीच्या पलीकडे एकटा राहणारा, सत्तरीचा. ऑक्टोबरपासून पाण्यात असावा, असं डॉक्टर म्हणतात. दाराआड टपालाचा ढीग पडलेला. कुणी चौकशी केली नाही. त्याच्या नावाने कुणी शिट्टी घेऊन उभं नव्हतं. आमच्या घरातून त्याचं घर दिसतं! धूर येतो की नाही हे एकदाही पाहिलं नाही मी.

आणि मला आनंद झाला. खरं तेच लिहिते. एका माणसाचं प्रेत निघालं आणि मी आनंदाने रडले.

२० नोव्हेंबर

त्याचं कुणीच नाही. सरकारी खर्चाने पुरतील, असं पाद्री म्हणाले.

आई तडक म्हणाली, "पुरतील कसे? आमच्याच माणसांनी काढलंय त्याला. क्लब पुरेल."

डिनी म्हणाला, "तो कधी खेळला नाही गं आपल्याकडून."

"म्हणून?"



२२ नोव्हेंबर, शनिवार

मॉसीला पोचवलं. पेटीवर क्लबचा झेंडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळे संघ जर्सी घालून उभे – आमचे, आणि बॅलिनार्डचेही. चर्चपासून दफनभूमीपर्यंत रांग.

आईने पुढचा खांदा दिला. बायका देत नाहीत आमच्याकडे. कुणाची अडवायची हिंमत झाली नाही. मला वाटतं ती मॉसीला नव्हतीच नेत.

क्लबने त्याचा फोटो नेटवर टाकलाय. हजारो लोकांनी पाहिला म्हणे. मी नाही पाहिला.

२३ नोव्हेंबर

पुन्हा नदी. माणसं कमी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फोन वाजला. आईने घेतला. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास. मग मला ऐकू आलं – "आई, मी पाहिला फोटो. तू खांदा दिलेला." समुद्रापलीकडून, लिव्हरपूलहून. कुणाचा तरी फोन मागून. पुलावर उभा होता, म्हणाला, मग चालत सुटला, बंदरावर बोट धरली.

आई ओरडली नाही. रडलीही नाही. म्हणाली, "काही खाल्लंस का?"

बाबा चिखलाच्या बुटांनिशीच गाडीत जाऊन बसलेत. बोट सकाळची आहे.