समुद्रातल्या पोस्टची चौकशी

शिरूर अनंतपाळ,
रविवार

आदरणीय दाजींना आनंदराजचा मनापासून जयभीम.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, आक्काची शुगर तिच्या रागापेक्षा कमी असेल आणि उदगीरला आठवड्यातून एकदा तरी नळ येत असेल, असं धरून पुढचं लिहितो. इकडे सगळे ठीक. माझ्या उजव्या कानात अजून थोडा समुद्र आहे, पण तो आपोआप निघेल असं डॉक्टर म्हणाले.

तुम्ही मला मालवणला कशाला धाडलं ते मी विसरलो नव्हतो. नांदेडच्या संघपालचं स्थळ तुम्ही जुळवत आणलं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. फक्त त्याच्या वडिलांची अट, की मुलीनं पाण्यातली नोकरी सोडावी. तेव्हा आमच्या पोरीला, महामायाला, समजावून घरी आणायचं, आणि तिची पोस्ट नेमकी कोणत्या वर्गातली हेही पाहून यायचं.

पोस्ट मी पाहिली. स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीला अठरा मीटर खोल जाता येतं, दुसरीला तीस, तिसरीला दुसऱ्याचा जीव वाचवायला शिकवतात. इथपर्यंत माणूस शिकाऊच. चौथी पायरी डाईव्हमास्टरची. तिथून पक्की नोकरी सुरू, म्हणजे लोकांना खाली न्यायचं आणि नेले तेवढे वर आणायचे. त्याच्या वर इन्स्ट्रक्टर. मी (बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेला माणूस) विचारलं, म्हणजे पहिले तिघं शिक्षणसेवक, चौथा सहशिक्षक आणि पाचवा मुख्याध्यापक का? ती म्हणाली, "पप्पा, खाली सेवाज्येष्ठता चालत न्हाई. श्वास चालला म्हंजे झालं." पेन्शनचं विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिची चौथ्या पायरीची परीक्षा सुरू झाली. परीक्षक पंचाक्षरी सर (मूळ बिदरचे, ज्या गावांना पाण्याचा टँकर लागतो तिथलीच माणसं समुद्रात का उतरतात, यावर मी अजून विचार करतोय). त्यांना सोबत नवखी माणसं हवी होती, म्हणून मलाही रबरी कपड्यात कोंबलं. कोंबायला दोन माणसं लागली, सोलून काढायला चार. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी. सांगितलं एवढंच, की श्वास कधी रोखायचा नाही, सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा. आणि कुणी बोटांनी गोल करून विचारलं, तर तसाच गोल करून ठीक आहे म्हणायचं.

आता श्वास आला, श्वास गेला, हे तर विहारात भंतेजी आम्हाला कितीतरी वर्षं सांगून राहिले. खाली अशी शांतता, की पहाटेचं विहारही त्यापुढे बसस्टँड वाटावं. मी वाळूवर मांडी घातली (पायात बदकाचे पंजे असल्यामुळे ती अर्धीच बसली), डोळे मिटले आणि बसलो. कुणीतरी खांद्यावर थापटलं. आपली शिकवण अशी, की डास चावला तरी हलायचं नाही. परत थापटलं. मी आणखी स्थिर झालो.

उत्तर न देणारा माणूस त्या धंद्यात बेशुद्ध धरतात. महामायानं मला मागून गच्च धरलं, नळी तोंडाशी दाबून ठेवली आणि जराही घाई न करता वर आणून होडीत घातलं. मग मात्र रडत ओरडली, "उत्तर काहून देईना तुम्ही?" मी म्हणालो, ध्यान करून राहिलो होतो. अख्खी होडी हसली. पंचाक्षरी सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, उद्या एकाला बेशुद्धीचं सोंग घ्यायला लावणार होतो. आता गरज नाही, पोरगी पास.

तुमचा निरोप योग्य वेळ पाहून तिला दिला. विचार करते म्हणाली. आक्काला जयभीम.

तुमचा मेहुणा,
आनंदराज

ता. क. निरोपाचं वाक्य खोटं आहे. रोज पंचशील म्हणणाऱ्यानं असं लिहू नये, म्हणून पाकीट बंद करायच्या आत दुरुस्ती करतो. तिला मी काहीच बोललो नाही.

ता. क. २. दुसऱ्यांदा थापटलं तेव्हा मी एक डोळा किलकिला केला होता. समोर महामाया. डोळ्यांत भीती, पण हाताला कंप नाही. पाहून मी डोळा परत मिटून घेतला. (बावीस वर्षं कॉपी पकडणाऱ्या माणसानं पोरीच्या पेपरात अशी मदत केली, हे कुणाला सांगू नका. तिला तर मुळीच नको.)

ता. क. ३. खरं काम हे. नोकरी सुटणार नाही, असं संघपालच्या वडिलांना तुम्हीच कळवा. माझी जीभ रेटत नाही. मुलगा मात्र मला आवडलाय. त्याला म्हणावं, वडिलांना घरी ठेव, एकटा मालवणला जा आणि तिलाच विचार. बघण्याचा कार्यक्रम पाण्याखालीच ठेवू; तोंडात नळी असली की कुणाला अटी घालता येत नाहीत. पोहता येत नाही म्हणून लाजू नको म्हणावं. मलाही येत नाही.