चांदीला हात न लावता

ता. ३ जून

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र पोचलं. आप्पा आता उशीला टेकून बसतात हे वाचून जीवात जीव आला. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना शब्द फुटत नाही, याचीच काळजी लागून राहिली आहे.

तुझी बिनपगारी रजा संपत आली. आप्पांजवळ दिवसभर बाई ठेवल्याशिवाय तू शाळेत जाणार कशी? आणि शीतगृहातला माझा पगार तुला ठाऊकच आहे. म्हणून सुचवतो. आप्पांनी घेतलेली चांदीची नाणी विकायचीच, तर आधी त्यांची प्रत ठरवून घेऊ. तज्ज्ञ नाणं भिंगाखाली तपासतात, गुण देतात आणि कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात. चांगले गुण पडले तर चांदीच्या भावापेक्षा पुष्कळ जास्त मिळतात. मात्र नाण्याला बोट लागता कामा नये. तुझं खडूचं बोट तर मुळीच नको!

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू


ता. १२ जून

चि. टिल्लूस,

अ. आ. बोटांचं वाचून हसावं की रडावं कळेना. अरे, ती नाणी सध्या आप्पांच्या पांघरुणावर पसरलेली असतात. जन्मभर बँकेच्या खिडकीमागे रोकड मोजली, तीच सवय. डाव्या हातानं एकेक उचलतात, अंगठ्यानं कड चाचपतात, चळत रचतात, मोडतात, पुन्हा रचतात. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, हेच त्यांचं औषध. मी शाळेतल्या रंगीत सोंगट्या देऊन पाहिल्या. आप्पांनी त्या हातानं सारून खाली पाडल्या.

पण तुझंही खोटं नाही. माझ्या जागी दुसरी बाई घेतील, असं मुख्याध्यापिकांनी स्पष्ट कळवलं आहे. मला रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एक नाणं अजून वेष्टनातच आहे. ते पाठवू का?

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
ताई


ता. २० जून

ती. ताईस,

सा. न. वेष्टनातलं लगेच पाठव, मी तपासायला देतो. बाकीची आजच काढून कपाटात ठेव. एकेका बोटागणिक किंमत उतरते आहे आणि तू कौतुकानं बघत बसली आहेस! आप्पा दोन दिवस शोधतील, मग विसरतील. तुझी नोकरी गेली तर दोघांचं कोण करणार? कठोर बोललो, पण बोलायला दुसरं आहे कोण?

रागावलीस तरी उत्तर धाड.

टिल्लू


ता. १७ जुलै

चि. टिल्लूस,

अ. आ. तू सांगितलंस तसंच केलं. आप्पा विसरले नाहीत. उशीखाली शोधायचे, चादर उलटी करायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. मग जेवण टाकलं. मला वाटलं, हट्ट आहे. फार उशिरा उमगलं की त्यांच्या हिशेबी रोकड कमी भरली होती आणि ती त्यांच्याच हातून. माणूस शरमेनं खचत होता रे, आणि चोर मी होते.

परवा तुझं नाणं डबीतून परत आलं. अगदी वरचे गुण! मी हरखून ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. अंगठा कड शोधत राहिला. मग पलंगाच्या दांडीवर आपटून पाहिलं, प्लास्टिक टकटकलं. आप्पांनी ते माझ्याकडे परत सरकवलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मी हातोडी आणली आणि डबी फोडली. गुण गेले, किंमत गेली, तज्ज्ञांची फीसुद्धा पाण्यात गेली. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. कपाटातलीही सगळी काढून त्यांच्यापुढे ओतली.

बाई ठेवणं आता जमणार नाही. काल शाळेत जाऊन राजीनामा दिला. येताना जिन्यात बसून पोटभर रडले. पुढे कसं होईल ते मला खरंच माहीत नाही. शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र बंद करू नकोस.

एवढं मात्र सांगते. डबी फोडल्यावर आप्पांनी ते नाणं दांडीवर वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि चळतीवर ठेवलं. सगळी नाणी मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे बघून, जड जिभेनं पण स्पष्ट, म्हणाले, ‘बरोबर.’

तुझी,
ताई