स्किलट

हल, ९ जानेवारी १९७८

हॉबडेल खोऱ्यातल्या स्किल्डरथ्वेट या घरी जे कोणी राहत असतील त्यांना स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी विल्फ स्किल्डरथ्वेट. आयुष्यभर हलमध्ये बस चालवली, आता घरी बसलोय. बायको एडना परवाच्या साली गेली. एकुलती मुलगी जॅनिस लग्न करून न्यूझीलंडला आहे. घर खायला उठतं, म्हणून रोज वाचनालयात जाऊन बसतो. तिथे ऊब असते आणि कोणी ऊठ म्हणत नाही. बसल्या बसल्या साऱ्या देशाच्या टेलिफोनच्या याद्या चाळून झाल्या. आमचं आडनाव माझ्याखेरीज कोणाचंच नाही. काल मात्र एका जुन्या नकाशात, पार डोंगरातल्या एका शेतावर, तेच नाव बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. शेजारच्या बाईंनी डोळे वटारले.

तिथे आमच्यापैकी कोणी राहतं का, एवढंच कळवावं. नुसत्याच मेंढ्या राहत असतील तर त्यांना माझा नमस्कार. ओळखच नाही तर लोभ कसला मागू, पण उत्तर जरूर मागतो.

आपला,
विल्फ

स्किल्डरथ्वेट, हॉबडेल, २१ जानेवारी

श्री. विल्फ यांस नमस्कार वि. वि.

मेंढ्यांना नमस्कार पोचला. मी हेस्टर. वय एकोणऐंशी, लग्न केलं नाही, दात माझेच आहेत. भाऊ जॉस गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून घरात मी आणि कुत्री मेग.

थ्वेट म्हणजे आमच्याकडे रान तोडून मोकळी केलेली जागा. कोणा स्किल्डरने ती केली, ते देवाला ठाऊक. नाव आधी जमिनीचं, मग तिच्यावर राबणाऱ्यांना चिकटलं. एके काळी या खोऱ्यात जिकडे तिकडे आम्हीच होतो. पण जमीन थोरल्याची, धाकट्यांनी बाहेरची वाट धरायची. कोणी खाणीत गेला, कोणी जहाजावर, कोणी कॅनडाला. गेले ते गेले. कोणी चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही.

तुम्ही आमचे की दुसरेच कोणी, ते एका गोष्टीवरून ठरेल. हे आडनाव तुमच्या घरात तोंडाने कसं म्हणतात? लिहायचं कसं ते मला कळतं. आमच्याकडे म्हणायची एक तऱ्हा आहे. ती मी सांगणार नाही. सांगितली तर तुम्ही लगेच हो म्हणाल. बसवाल्यांवर माझा भरवसा नाही, हात दाखवला तरी गाडी पुढे दामटतात.

असो. थंडीत छाती झाकून हिंडावं.

हेस्टर स्किल्डरथ्वेट

हल, ३० जानेवारी

प्रिय आंटी हेस्टर, स. न. वि. वि.

आंटी म्हटलेलं चालेल ना? तुमचं पत्र येताच जॅनिसला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. तिला दिवस गेलेत, डोहाळे कडक आहेत, तरी दातांच्या वाक्याला खूप हसली.

नावाचं विचारलंत. आम्ही जसं लिहितो तसंच म्हणतो. स्किल्डर, मग थ्वेट. वडील तर प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणायचे, नाहीतर कचेरीतले लोक भलतंच लिहून घेत. यात वेगळी तऱ्हा ती काय असणार? उत्तर बरोबर आहे ना, ते लवकर कळवा. मला परीक्षेची धाकधूक शाळेपासून आहे.

आठवण राहू द्यावी.

तुमचा विल्फ

स्किल्डरथ्वेट, ८ फेब्रुवारी

श्री. विल्फ यांस,

उत्तर चुकलं. तुम्ही आमचे नव्हेत. तुमच्या कोणा पूर्वजाने वाटेत हे नाव उचललं असेल, त्यात तुमचा दोष नाही.

मला राग आला आहे असं समजू नये. वाईट वाटलं आहे. जॉसच्या दफनाला नव्या पाद्रीबाबांनी त्याचं नाव औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं वाचलं. पोस्टमन तसंच म्हणतो, डॉक्टर तसंच म्हणतात. ते बाहेरचे, त्यांना काय सांगणार? जॉस कुंपणापलीकडून मला आडनावानेच हाक मारायचा, चिडवायला. त्याच्यामागे ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. उद्या माझ्या शवपेटीपुढेही ते चुकीचंच वाचतील, आणि चुकलं म्हणायला कोणी उरलेलं नसेल. पेटीत दुसरीच कोणी बाई आहे असं वाटेल. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी वेड्यासारखी आशा धरून बसले होते.

सुखी राहावं.

हेस्टर

हल, १४ फेब्रुवारी

प्रिय मिस हेस्टर, नमस्कार.

बरं तर. आंटी म्हणणं मागे घेतो. चार दिवस घरात माणसं असल्यासारखं वाटलं, त्याबद्दल आभार. आता तुम्हाला त्रास देणार नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो, म्हणजे निरोप तोंड पाडून नको. आमचे आजोबा आयझॅक गोदीवर हमाल होते. कुठल्या डोंगरातून आले ते कधी बोलले नाहीत. त्यांना सारी गोदी स्किलट म्हणायची. स्किलट म्हणजे आमच्याकडे लोखंडी तवा, लांब दांड्याचा. का म्हणायचे कोणास ठाऊक. आजी म्हणे तोंड काळं असायचं म्हणून. सोबत्यांनी त्यांना एक खराखुरा तवाच भेट दिला होता. तो आमच्या दारावर टांगलेला असे आणि शाळेतली पोरं मला तव्याचा नातू म्हणून पिडायची. वडिलांना त्या नावाची इतकी लाज, की ते आडनाव पुरं, सावकाश म्हणू लागले ते त्यामुळेच. तवा अजून माझ्या माळ्यावर आहे.

राग नसावा, एवढंच मागणं.

विल्फ

स्किल्डरथ्वेट, १८ फेब्रुवारी

चि. विल्फ यास अनेक आशीर्वाद.

अरे मुला, तुझ्या आजोबांना कोणी टोपणनाव ठेवलंच नव्हतं. ते आपलं नाव सांगत होते.

स्किलट. असंच म्हणतात. लिहायचं लांबलचक आणि म्हणायचं एवढंसं, खोऱ्यात पहिल्यापासून असंच. आयझॅक माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ, भांडून गेलेला. गोदीवर नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि तुम्ही लोकांनी त्याला तवा दिलात. मी हसले, मग रडले, मग मेगला घाबरवून सोडलं.

मेंढ्या विऊन झाल्या की मे महिन्यात ये. आधी नको, मला फुरसत नसते. तवा घेऊन ये. आणि आंटीच म्हण. दारात आलास की आधी नाव सांगायचं, मग आत घेईन. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझी आंटी हेस्टर

ख्राइस्टचर्च, २० एप्रिल

प्रिय आंटी हेस्टर, सा. न. वि. वि.

आपण कधी भेटलो नाही. मी विल्फची जॅनिस. काल हलहून बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा वाचनालयातून घरी येताना रस्त्यातच गेले. हृदय बंद पडलं म्हणतात.

दफन दोन मेला, हलला आमच्या जुन्या चर्चमध्ये. मला आठवा महिना आहे, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. माझ्या बापाला पोचवायला घरचं एकही माणूस नसेल, आणि मी इथे भांडी घासते आहे. तुम्हाला या वयात जा म्हणत नाही. फक्त तुम्हाला तरी कळावं. तुमच्याकडे यायला त्यांनी नवे बूट घेतले होते.

तुमची,
जॅनिस प्रॅट

स्किल्डरथ्वेट, ५ मे

चि. जॅनिस हिला अनेक आशीर्वाद.

मी गेले होते. मेंढ्या शेजाऱ्याच्या गळ्यात बांधल्या. आमच्या बाजाराच्या गावापलीकडे, पेनरिथच्या पुढे, मी उभ्या आयुष्यात गेले नव्हते. गाड्या बदलता बदलता पार चक्रावले, पण पोचले. तुझ्या बाबांच्या पायांत ते नवे बूटच घातलेत. मी मुद्दाम विचारलं.

चर्चमध्ये मोजकीच माणसं, बरीचशी म्हातारी. पाद्रीबाबांनी नाव वाचलं, अक्षर अक्षर सुटं करून. मी उभी राहिले आणि म्हटलं, तसं नव्हे, स्किलट म्हणा. ते गोंधळले. सगळे माना वळवून बघू लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारा गोदीवाला म्हणाला की बाई बरोबर बोलतायत, स्किलटचा विल्फ तो, आमच्या गल्लीतला. मग आणखी एक जण तेच म्हणाला. मग पाद्रीबाबाही तसंच म्हणाले, आणि अगदी नीट म्हणाले.

अगं, मी ते नाव सांगायला गेले होते आणि मला ते ऐकायला मिळालं. विल्फच्या तोंडून मात्र राहिलं. तो दारात उभा राहील म्हणून मी पायरी घासून ठेवली होती. आता पुन्हा इथे सामसूम आहे, आणि या वेळची मला जड जाते.

तवा काकूंकडून मागून आणला. दारावर लावला आहे. इथल्या लोकांना अर्थ कळत नाही, न कळो.

बाळंतपणाला आमच्याकडे रम घालून लोणी करतात. तुझ्यापर्यंत पोचेतो वितळेल, म्हणून तुझ्या नावाने मीच खाल्लं. तू प्रॅट, बाळही प्रॅटच होणार, ते ठीकच आहे. माझी पाळी येईल तेव्हा तू येऊ नकोस, इतक्या लांबून कोणी येत नाही. पाद्रीबाबा तुला कळवतील, तसं सांगून ठेवलं आहे. त्या दिवशी तू तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने एकदा माझं नाव घे. बाळाच्या कानावर पडलं तर पडू दे.

माया आहे तशी राहू दे.

तुझी आंटी,
हेस्टर स्किलट