दोन अंगणांतली सुकेळी

१२ जानेवारी, संध्या. ६
उमेळ्याला पोचलो. अकरा वर्षांनी. सुमेधावहिनीचा फोन होता, बाबांचं काही खरं नाही, यायचं तर या. 'यायचं तर या' म्हणजे आग्रहच.
वाडीत राबणार नाही म्हणून पुण्याला गेलो, तेव्हा बाबा म्हणाले होते, मी मेलो तरी येऊ नकोस. अजून जिवंत आहेत. म्हणजे आज्ञाभंग झालेला नाही.
बाबा गाढ झोपलेले. झोप लागते, म्हणजे तब्येत तशी ठीक.

१३ जानेवारी
आढावा. माझा थोरला जितेशदादा आणि धाकटा धनेश, सात वर्षं अबोला. घराचे दोन भाग, अंगणात मधोमध पत्रा. बाबा दादाच्या भागात. दादा कामावर गेला की धनेश मागच्या दाराने येऊन बघून जातो.
प्लॅन तयार. बाबांची सुकेळी एके काळी वसईभर नावाजलेली. राजेळी केळी सोलायची, आठवडाभर उन्हात वाळवायची, बस. मी करणार, मीच भरवणार. पहिल्या घासालाच माझ्याशी बोलतील. दोघे भाऊ शेजारी उभे. फोटो मस्ट.
नर्स रोझलिन, सांडोरची, म्हणाली की नाकात नळी आहे, त्यांना पाणीसुद्धा गिळवत नाही. निगेटिव्ह बाई.

१४ जानेवारी
संक्रांत. दोघा भावांना तिळगूळ दिला. दोघांनी घेतला. बोललं कोणीच नाही.
वाडीतला राजेळीचा घड कापला. बांबूची ताटी बांधली. अडचण एकच. सकाळचं ऊन धनेशच्या अंगणात, दुपारचं दादाच्या. बाबा सुकेळी करायचे तेव्हा अंगण एकच होतं. पण मला यात संधी दिसते. ताटी रोज पत्र्यावरून पलीकडे जाणार, दोघांना एकेक टोक धरावंच लागणार!

१५ जानेवारी
कोणी धरलं नाही. ताटी पत्र्यावर टेकवली, वळसा घालून पलीकडे गेलो, ओढली. नऊ केळी मातीत. वहिनी म्हणे मुंग्या होतील. धनेश म्हणे दादाच्या घरचं काही इकडे नको. वर केळी कच्चीच वाळत घातली म्हणे, राजेळी आधी पिकवायची असते. हे काल सांगायला काय झालं होतं? बाबांनाच विचारायला गेलो. झोपलेले. पापण्या हलत होत्या. स्वप्न पडत असावं.

१७ जानेवारी, दुपारी
केळी काळी पडली. बाबांचीही अशीच दिसायची बहुतेक.
मोठी प्रगती! दादा आणि धनेश पत्र्याच्या दोन बाजूंना उभे राहून चक्क बोलले. ताटी उद्या इथे दिसता कामा नये, आणि हाही, यावर दोघांचं एकमत. 'हा' म्हणजे मी. असो, एकमत ते एकमत. वहिनीने मध्ये पडून मला ठेवून घेतलं.

१८ जानेवारी
एक सुकेळं जरा बरं झालंय. बाबांच्या उशाशी ठेवलं. रोझलिनने उचलून बाहेर ठेवलं. तासभर बसलो, सगळं बोललो, चुकलो असंही म्हणालो. त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून पांघरुणात घेतला. थंडी आहेच म्हणा.

२० जानेवारी
पहाटे बाबा गेले. मी ओटीवर झोपलो होतो. उठवलं नाही कोणी.
पुढे दादा आणि धनेश, दोघांचा खांदा. मागे शेजारचा सिप्रियन आणि मी.

२१ जानेवारी
रोझलिन सामान भरत होती. विचारलं, शेवटी काही म्हणाले का. सांगेना. मी पिच्छाच पुरवला. मग म्हणाली, बाबा दिवसा जागेच असायचे. तिच्याशी हळूहळू बोलायचे, धनेशशीही. माझी चाहूल लागली की डोळे मिटायचे. पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, तो गेला की मला सांग.
कारणं शोधली. औषधांची गुंगी. अशक्तपणा. एकही पटत नाही. आठ दिवस मी त्यांच्यासमोर बसत होतो, आणि ते मी उठायची वाट बघत होते.