कुंड्यांना पाणी घालायला ठेवलेला माणूस

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा आठांपैकी एक अंग मागाहून पोचेल असं समज.) तू, भावोजी, बाळंतीण आणि नवे छोटे पाहुणे ठणठणीत असाल अशी आशा आहे. बाळ कुणासारखं दिसतं ते अजून कुणी कळवलेलं नाही. माझ्यासारखं दिसत असेल तर घाबरून जाऊ नका. याच चेहऱ्यावर मी पंधरा वर्षं पोट भरलं आहे. इकडे सर्व क्षेम. सर्व म्हणजे सर्व माणसं. वस्तूंचा मजकूर पुढे येईल. पत्राला तसं खास कारण काही नाही. सहज आठवण आली, आणि तू फोनवर ‘घर कसं आहे रे?’ असं विचारलंस की मला नेमकी खोकल्याची उबळ येते, म्हणून म्हटलं लिहूनच कळवावं.

आधी कुंड्या. जाताना तू मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास: बारा कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालायचं, आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. पैकी पहिली मी इमानेइतबारे पाळली. बाराच्या बारा कुंड्या जिवंत आहेत. फक्त खिडकीतल्या गुलाबाला या महिन्यात फुलायची परवानगी नव्हती. झालं असं, की मी दारातून आत येतो तेव्हा त्या गुलाबाला कळी होती, आणि तोच मी खुर्चीत बसतो तो भाग घ्यायला आम्हाला चार दिवसांनी सवड मिळाली, तोवर कळीचं छान टपोरं फूल झालेलं. पडद्यावर बघणाऱ्याला वाटणार, या माणसाला दारापासून खुर्चीपर्यंत यायला चार दिवस लागले. मग काय, फुलाच्या पाकळ्या मिटवून दोऱ्याने बांधल्या. गुलाब तेव्हापासून रुसला आहे, पण हिरवा आहे.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. हो ताई, सिनेमा. माझा स्वतःचा, पहिला. तुझ्या घरात.

लगेच फोन उचलू नकोस, पुढचं वाच. माझी कारकीर्द तुला तोंडपाठ आहे, पण भावोजीही वाचतील म्हणून थोडक्यात उजळणी करतो. (भावोजी वाचणार नसतील तर फारच उत्तम.) पहिल्या नाटकात मी मरणाऱ्या वडिलांचं काम केलं होतं. जीव तोडून मेलो. प्रेक्षक इतके हसले की मला उठून पुन्हा मरावं लागलं. मरणाला वन्समोअर मिळवणारा नट आमच्या मंडळात अजून दुसरा झालेला नाही. त्याच दिवशी दिग्दर्शकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गंभीर भूमिकांचा नाद सोड, देवाने तुझं तोंडच वेगळ्या कामासाठी घडवलं आहे. ते काम म्हणजे पोट साफ होण्याच्या चूर्णाची जाहिरात. ती इतकी चालली की अजूनही सार्वजनिक ठिकाणी रांगेत मी दिसलो की लोक अदबीने बाजूला होतात आणि मला पुढे सोडतात. मग सिनेमे आले. त्यांत मी नायकाचा मित्र, आणि काम एकच, पडायचं. शिडीवरून पडलो, विहिरीत पडलो, लग्नाच्या मांडवासकट पडलो. पण प्रत्येक वेळी मी पडलो रे पडलो की कॅमेरा नायकाकडे वळायचा. पंधरा वर्षांत मला पडद्यावर उठताना कुणी पाहिलेलं नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, पण मनाला लागलेलं आहे. आणि दुसरंही एक आहे, ते आज लिहूनच टाकतो. नाटकातही मी पडतच असायचो, आणि प्रत्येक प्रयोगाला तू तिसऱ्या रांगेत असायचीस. मी पडलो की सगळं नाट्यगृह खो खो हसायचं, आणि तू एकटी खुर्चीतून अर्धी उठायचीस. नंतर आत येऊन विचारायचं काय, तर ‘लागलं का रे?’ अगं, विनोदी नटाला हे कुणी विचारतं का? पंधरा वर्षांत तू माझ्या एकाही पडण्यावर हसली नाहीस. मी वरवर म्हणायचो की आमच्या ताईला विनोदाचं अंगच नाही. खरं म्हणजे सगळ्या जगापेक्षा मला तुलाच हसवायचं होतं. तर सिनेमा यातून निघाला आहे. गोष्ट एका वाक्यात मावते: ताई लेकीच्या बाळंतपणाला जाते, धाकटा भाऊ तिचं घर सांभाळतो, घर काही त्याला सांभाळून घेत नाही, आणि शेवटी ताई दार उघडते. (गोष्ट पूर्णपणे काल्पनिक आहे.)

शपथेवर सांगतो, तुझ्या घराचा विचार आधी नव्हता. आमचा कॅमेरावाला स्वतःचं घर देणार होता. पण त्याच्या बायकोने संहिता वाचली आणि दुसऱ्याच दिवशी माहेराहून दोन भाऊ राहायला बोलावले. मग बारा कुंड्या, उत्तम उजेड आणि रिकामं घर असं माझ्यासमोर आयतंच होतं. हा कॅमेरावाला गुणी माणूस आहे, पण वीस वर्षं लग्नांचं चित्रण केल्यामुळे दर दृश्याच्या शेवटी त्याचा कॅमेरा आपोआप कोण जेवतंय ते शोधायला लागतो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की पांढऱ्या भिंतीपुढे माझं टक्कल दिसत नाही. पडद्यावर मी एकदम भुवयांपासून सुरू होतो. तेव्हा बाहेरच्या खोलीची समोरची भिंत, फक्त समोरची, निळी केली. एक भिंत रंगवली की उरलेल्या तीन मळक्या दिसतात हे तुझंच म्हणणं. त्यामुळे आता चारही निळ्या आहेत. भावोजींनी बटणांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना (‘पंखा – दोनच्या वर नेऊ नये’, ‘हे बटण उगाच दाबू नये’) आम्ही धक्का लावलेला नाही. उलट त्यांना सिनेमात स्वतंत्र दृश्य दिलं आहे.

सोफ्याचं मात्र नीट समजून घे, कारण तो गुन्हा माझ्या एकट्याचा नाही. सोफ्याच्या पाठीवरून उलटं पडायचा माझा सराव चालला होता. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे ड्रिल मास्तर वर आले. त्यांच्या छताचा चुना चहात पडत होता म्हणे. मला वाटलं, आता काही खरं नाही. मास्तरांनी हाताची घडी घालून माझं एक पडणं पाहिलं आणि म्हणाले, “पद्धत चुकीची आहे. हात आधी टेकवतोस, एक दिवस मनगटं गमावशील.” नंतर शिटी काढून त्यांनी मला बावीस वेळा पाडलं. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांना झाला नसावा. तेविसाव्या वेळी माझं पडणं बिनचूक झालं आणि सोफ्याचा मागचा पाय गेला. (गुडघाही त्याच वेळचा.) सध्या सोफा तीन पाय आणि भावोजींचे विम्याच्या नियमांचे दोन जाडजूड खंड यांवर उभा आहे. ते खंड अखेर कुणाच्या तरी आधाराला आले, याचं भावोजींना समाधानच वाटेल.

आता फ्रीज. आमच्या आवाजवाल्याचे कान इतके तिखट आहेत की शेजारच्या घरातलं घड्याळ मागे पडलंय हे तो इथून सांगतो. तुझ्या फ्रीजची घरघर त्याला सहन होईना, म्हणून चित्रण सुरू असताना फ्रीज बंद ठेवायचा असं ठरलं. आता बंद केलेला फ्रीज माणूस हमखास विसरतो. त्यावर आमच्या धंद्यात एक रामबाण तोडगा आहे: ज्याने फ्रीज बंद केला त्याने आपली किल्ली फ्रीजच्या आत ठेवायची. किल्लीवाचून घरी जाता येत नाही, म्हणून फ्रीज उघडावाच लागतो आणि चालू करायची आठवण होते. मी हा नियम काटेकोरपणे पाळला आणि तुझ्या घराची किल्ली मटारच्या डब्यावर ठेवली. त्यानंतरचं दृश्य जिन्यातलं होतं. आम्ही तिघे सामानासकट बाहेर आलो आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली फ्रीजमध्ये, फ्रीज बंद, आणि फ्रीज घरात.

किल्लीवाला दोन तासांनी आला. आला तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि म्हणाला, “तुम्ही ते चूर्णवाले ना?” आधी ते तोंड करून दाखवा, मगच कुलपाला हात लावतो, असा हट्टच धरून बसला. जिन्यात, ड्रिल मास्तरांसमोर, मी ते तोंड करून दाखवलं. तो इतका हसला की हसता हसताच त्याने पटाशी घातली, आणि कुलपाबरोबर दाराचा तळहाताएवढा तुकडाही बाहेर आला. (तिथे आता नवं कुलूप आहे. तुझी किल्ली लागणार नाही.) आत गेलो तर स्वयंपाकघरात हिरवट पाण्याचं तळं. भावोजींनी तारखा घालून ठेवलेले मटारचे सगळे डबे सद्गतीला गेले होते. भावोजींनी उभा जन्म विमा कंपनीत लोकांचे नुकसानीचे दावे नाकारण्यात घालवला, तेव्हा ही आकस्मिक आपत्ती की निष्काळजीपणा, याचा निकाल मी त्यांच्यावरच सोपवतो. पण एक सांगतो, कॅमेरावाल्याने तो सगळा प्रकार टिपला आहे आणि अख्ख्या सिनेमात त्याच्याइतकं चांगलं दृश्य दुसरं नाही. कारण त्यात मी पाण्यावरून घसरून पडतो, आणि चक्क उठतोसुद्धा.

राहता राहिला शेवट, आणि तिथेच घोडं अडलं आहे. छोट्या सिनेमांच्या एका महोत्सवाने आमचा अपुरा सिनेमा पाहिला आणि कळवलं की आवडला, पण महिनाअखेरच्या आत शेवट पाठवा, नाहीतर विसरा. शेवट म्हणजे ताई दार उघडते आणि घराची दशा बघते. हे काम आमच्या मंडळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दिलं होतं. बाई अभिनयाला चांगल्या आहेत. पण त्यांचा व्यवसायच असा, की आत काहीही दिसलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. अकरा वेळा त्यांनी दार उघडलं, आणि अकराही वेळा त्या घराकडे अशा शांतपणे बघत राहिल्या, की आता ‘चूळ भरा’ म्हणतात की काय असं वाटलं. माझी पंधरा वर्षं त्या एका चेहऱ्यावर अडकून पडली आहेत, ताई. पडायला मी शिकलो, उठायलाही आता जमतंय, पण दारात उभं राहून माझ्याकडे बघणारं माणूस काही मला उभं करता आलं नाही.

असो. माझं रडगाणं फार झालं. बाळाला माझा आशीर्वाद, लेकीला प्रेमळ धपाटा, भावोजींना (परिस्थिती पाहून) नमस्कार. थोरामोठ्यांनी क्षमा करावी, लहानांनी हसावं.

तुझा, आणि या घडीला फक्त तुझ्याच भरवशावर असलेला,
धाकटा

ता. क. – तुमची गाडी रविवारी सकाळी सातला पोचते. पण जिन्याच्या खिडकीतलं ऊन दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर बरोबर सव्वादहाला येतं आणि वीस मिनिटांत जातं. तेव्हा मधले तीन तास तुम्ही दोघं स्टेशनवर काढाल का? चहा बरा मिळतो, बाकंही सावलीत आहेत. भावोजींनी सामान घेऊन एक मजला खाली थांबावं आणि खोकू नये. तू एक पिशवी घेऊन एकटीच वर ये. निळं काही घालू नकोस, भिंतीत मिसळशील.

ता. क. दुसरा – अभिनय मुळीच करायचा नाही. किल्ली लाव (लागणार नाही, पण लाव), नुसतं लोटलेलं दार ढकल आणि बघ. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, तो कपाटाआड आहे. संहितेच्या शेवटच्या पानावर मी ‘ताई बघते’ एवढेच दोन शब्द लिहिले आहेत. पुढे तू चिडतेस की हसतेस हे मला खरोखर माहीत नाही, म्हणून लिहिता आलं नाही. जे होईल तोच शेवट. चिडलीस तरी मी तो कापणार नाही, हा शब्द.

ता. क. तिसरा – तू म्हणशील, पत्रात सगळं वाचून झाल्यावर चेहऱ्यावर यायचं ते येणार कुठून? त्याची काळजी करू नकोस. मी फक्त बाहेरच्या खोलीचं, दाराचं आणि स्वयंपाकघराचं लिहिलं आहे. आतल्या खोलीबद्दल या पत्रात एक अक्षरही नाही, आणि रविवारी तिचं दार सताड उघडं असेल.