फितूर आवाज

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा नमस्कार, तोही वाकून (कंबरेने परवानगी दिली तेवढं). तुझे गुडघे कसे आहेत? झोप लागते ना? आम्ही सगळे खुशाल आहोत. फक्त आज शाळेत माझी पुरती शोभा झाली, ती तुला नाही तर कुणाला सांगणार?

आमच्याकडे एक मुलगी आहे. सगळे तिला वकील म्हणतात, कारण बोलण्यात ती कुणाला हार जात नाही. कानावर पडलेलं काही विसरत नाही, पण छापील ओळ तिच्यापुढे जागेवर थांबत नाही. अक्षरं आपसात जागा बदलतात, आणि तिची एक ओळ होईपर्यंत वर्ग पान उलटतो. इतकी वर्षं सगळ्यांनी (मुख्याध्यापक आघाडीवर) तिला आळशी ठरवलं होतं. शेवटी तपासण्या झाल्या, दाखला आला, आणि शाळेच्या या शेवटच्या परीक्षेला तिला प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा माणूस मंजूर झाला. तो माणूस मी. वाचणारा त्या विषयाचा शिक्षक नसावा असा नियम आहे, आणि विज्ञानाशी माझा काडीचाही संबंध नाही हे जगजाहीर आहे.

खेळाच्या सामानाच्या खोलीत आम्हाला बसवलं. मी प्रश्न आणि चार पर्याय वाचायचे, तिने एकावर खूण करायची. मागे तपासणीसबाई येऊन बसल्या. मी असा रंगून वाचत होतो म्हणून सांगू, की बाई कधी उठून माझ्यामागे उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून प्रश्नपत्रिका काढून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही उत्तरं सांगताय.’’ माझं धाबं दणाणलं. आत्या, मला आजवर ठाऊक नव्हतं, पण एखादा पर्याय बरोबर वाटला की माझा आवाज तिथे रेंगाळतो, गोड होतो. वर्गात पोरांना उत्तराकडे ढकलत नेण्याची सवय, दुसरं काय! (हजर असलेल्या शिपायानेही मान डोलावली, म्हणजे त्यालाही माहीत होतं.) बाई म्हणाल्या, ही कॉपी आहे, पेपर बाद आणि सवलतही बंद. एवढ्या खटपटीने मिळालेलं माझ्या एका गळ्यापायी जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. लाज वाटली गं, फार लाज वाटली.

तेवढ्यात वकील उभी राहिली. आवाज खणखणीत. ‘‘बाई, सर विज्ञानात कच्चे आहेत. मी त्यांच्या आवाजावर गेले असते तर नापासच झाले असते. सर वाचतात तेव्हा मी फक्त शब्द ऐकते, सूर सोडून देते.’’

बाईंनी मला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. मी जिथे रेंगाळेन तिथे त्या टिंब देणार. आयुष्यात पहिल्यांदाच मी चुकावं म्हणून देवाचा धावा करत होतो, आणि देवाने भरभरून ऐकलं. माझी टिंबं एकीकडे, तिच्या खुणा दुसरीकडे. बाई मूळच्या विज्ञानाच्या. दोन्हींवरून बोट फिरवत गेल्या, तिच्याकडे पाहून हसल्या, आणि माझ्याकडे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. पेपर बाद होता होता वाचला. वाया गेलेला वेळही तिला भरून मिळाला.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप.

तुझा,
विज्ञानात कच्चा भाचा

ता. क. परवा गणिताचा पेपर आहे. सवलत राहिली, पण मला मनाई झाली. वाचणारं माणूस बाहेरचं हवं, शिक्षक नको, आणि मनातलं काही आवाजात येऊ न देणारं हवं. ते उद्यापर्यंत मिळालं नाही तर तिला एकटीने वाचावं लागेल. तू बसस्थानकावर जन्मभर घोषणा केल्यास. गाडी आली आणि गाडी रद्द झाली, दोन्ही एकाच सुरात. येशील ना? फोनच केला असता, पण फोनवर तू ‘नाही’ फार लवकर म्हणतेस. म्हणून पत्र घेऊन तुझ्या भाचेसुनेलाच पाठवलंय. ती होकाराशिवाय उठणार नाही.

ता. क. दुसरा : तुझ्याबद्दल सांगितल्यावर पोरीने एवढंच विचारलं, पुन्हा वाचा म्हटलं तर त्या रागावतील का? आत्या, मी तुला न विचारता ‘नाही’ म्हणून बसलोय.