शेवटचं पान आधी

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायचं.

खारू घर सोडून गेली त्याला पंधरा दिवस झाले. गेली म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, मैत्रिणीच्या खोलीवर. कारण क्षुल्लक. तिची एक मेल मी तिच्याआधी वाचली. आईने वाचली, परक्याने नाही. जाताना दारात चप्पल घालत म्हणाली, आई, तू माझं काहीच पहिल्या पानापासून वाचत नाहीस, माझी पुस्तकंसुद्धा नाही. बावीस वर्षांची मुलगी भांडतानाही इतकं मुद्देसूद बोलते, हे कोणाचं वळण?

मुद्दा मान्य. तिच्या खोलीत एक्केचाळीस कादंबऱ्या आहेत. संकल्प: महिन्याभरात दहा वाचायच्या, पहिल्या पानापासून, आणि प्रत्येकीवर प्रांजळ मत तिला पाठवायचं. आई आपली पुस्तकं वाचतेय म्हटल्यावर कुठली मुलगी बाहेर राहील? तीस तारखेपर्यंत खारू घरी.

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट अडकली की आधी वरून कोणालातरी सोडवायला जावं लागतं, असं त्याचं मत. म्हणाला, अगं, फोन कर आणि सॉरी म्हण ना. म्हटलं, ते काय, कोणीही म्हणतं.

५ मार्च, बुधवार

कादंबरी पहिली. रहस्यकथा.

मत: रहस्य अजिबात नाही. खुनी डॉक्टर आहे हे मला पहिल्या पानापासून माहीत होतं. इन्स्पेक्टर तीनशे पानं वणवण करतो आणि डॉक्टर त्याच्या समोर बसून कॉफी पितोय. असला इन्स्पेक्टर नोकरीवर ठेवला कोणी?

शेवटचं पान मी आधी पाहिलं, हे खरं. पण पाहणं म्हणजे वाचणं नव्हे. खारू लहान होती तेव्हा प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान मी आधी पाहायचे. शेवटी कुत्रा मरत असेल तर पुस्तक दुकानातच ठेवायचं. तिच्या वाचनातला पहिला कुत्रा मेला तो बाराव्या वर्षी, शाळेच्या लायब्ररीत. घरी येऊन तिने दप्तर टाकलं आणि विचारलं, तुला माहीत होतं कुत्रे मरतात? चार दिवस बोलली नाही.

मत पाठवलं. उत्तरादाखल अंगठा आला. सुरुवात चांगली.

७ मार्च, शुक्रवार

दुसरी. प्रेमकथा.

मत: दोघांचा गैरसमज होतो आणि पुढची चारशे पानं दोघंही एकमेकांना फोन करत नाहीत. का? घरात फोन आहे. नंबर पाठ आहे. तो तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जातो, तेही तीनदा. इतकी शिकलेली माणसं.

मत पाठवल्यावर खारूला फोन करावासा वाटला. केला नाही. पुढाकार मी घेतलेलाच आहे, आता तिची पाळी.

परवा बाजारातून येताना वाट जरा वाकडी करून तिच्या मैत्रिणीच्या गल्लीवरून गेले. काल पुन्हा. कामच होतं.

१२ मार्च, बुधवार

वाचनाला वेळ कमी पडतो म्हणून तिसरी कादंबरी लॅबमध्ये नेली. मी कवळ्या बनवते, वीस वर्षं झाली. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मेणाच्या पट्ट्यांखाली पुस्तक उघडं ठेवायचं आणि दात बसवता बसवता वाचायचं. सोपं आहे, हात आपोआप चालतात.

हात आपोआप चालले आणि एका आजोबांच्या कवळीला, चिठ्ठीवर पिवळसर रंग लिहिलेला असताना, सगळ्यात पांढरे दात लागले. कवळी दवाखान्यात गेली आणि तिथून फोटो आला. सर म्हणाले, बाई, हे दात आहेत की बाथरूमच्या टाइल्स? शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली म्हणाली, सर, राहू द्या, म्हाताऱ्याचं दुसरं लग्न जमेल. मी निमूटपणे नवी करायला घेतली. पण दवाखान्यातून निरोप आला की आजोबा पहिली कवळी परत द्यायला तयार नाहीत, आरशासमोरून हलत नाहीत.

तेव्हा चूक म्हणता येणार नाही.

कादंबरी भुताची होती. भूत म्हणजे त्या मुलांची मेलेली आई. ती घराची दारं आतून बंद करत राहते.

मत: भुताची बाजू कोणी मांडलेलीच नाही. बाहेरचा जिना मोडका आहे हे लेखक स्वतःच पान चाळीसवर सांगतो. मग दार बंद करेल नाही तर काय करेल?

१३ मार्च, गुरुवार

खारूचा मेसेज, आणि तोही शब्दांत. आई, तू पुस्तकाबद्दल लिहितेस की तुझ्याबद्दल?

प्रश्नचिन्ह आहे. प्रश्न म्हणजे संवाद. नवऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, मग काय उत्तर देणार? म्हटलं, अर्थात पुस्तकाबद्दल. तसं कळवलं.

पुढे काही आलं नाही. विचार करत असेल.

१६ मार्च, रविवार

चौथी. अंतराळातली. एक बाई यानातून इतकी लांब जाते की तिचा निरोप घरी पोचायला अकरा वर्षं लागतात. आई निरोप ऐकते तेव्हा मुलगी, ती निघताना आईचं जे वय होतं, त्या वयाची झालेली असते.

मत: असं काही होत नसतं. ही पुस्तकं तरुणांच्या हातात देऊ नयेत.

आता रोजनिशीत खरंच लिहायचं ठरलंय म्हणून. ती मेल नुसती वाचली असं नाही. थोडं उत्तरही दिलं. खारूला नोकरी देऊ केली होती, नकाशे बनवणाऱ्या एका ऑफिसने. चौदा तासांच्या प्रवासावर. घरच्या कॉम्प्युटरवर तिची मेल उघडीच असते. ती आंघोळीला गेली होती. मी पाहिलं, एकदम खाली, शेवटचा परिच्छेद: पंधरा दिवसांत रुजू व्हावे. त्याच्या पुढे काही नव्हतं. रुजू झाल्यावर ती कुठे राहील, ताप आला तर कोण बघेल, परत कधी येईल, काही नाही.

उत्तर दोनच ओळींचं. कौटुंबिक कारणास्तव येऊ शकत नाही, क्षमस्व. खाली तिचं नाव. मग दोन्ही मेल पुसून टाकल्या. शुद्धलेखन चोख होतं.

ती रोज मेल उघडून बघायची. दहा दिवस. मी तिला म्हणायचे, येईल गं.

अकराव्या दिवशी तिने ऑफिसला फोन केला.

१७ मार्च, सोमवार

कालचं पान जरा जास्तच झालं. हवामानामुळे असेल.

२० मार्च, गुरुवार

पाचवी. ऐतिहासिक. मत: घोडे फार.

सहावी. एका घराच्या तीन पिढ्या, सातशे पानं. मत: या घरात कोणीच कोणाला काही सांगत नाही. सगळे खिडकीत उभे राहतात. साठ पानांनंतर शेवटची दोन वाचली, तिथेही एक जण खिडकीत उभा. वाचून झाली असं धरायला हरकत नाही. म्हणजे दहातल्या सहा झाल्या. काटेकोरपणे साडेतीन.

पाठवलेल्या दोन्ही मतांवर अंगठासुद्धा नाही. नेटवर्कचं काहीतरी असेल. नवऱ्याच्या फोनला मात्र असतं. संध्याकाळी जिन्यात उभा राहून बोलतो. विचारलं, कोण? म्हणाला, लिफ्टचं. लिफ्टशी कोणी इतकं हळू बोलत नाही.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी

सॉरी म्हणायचं असं नाही, पण म्हणावं लागलंच तर सराव असावा. जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. शेल्फवर प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात. मोजले, तेवीस. त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, माझं चुकलं. एकानेही तोंड मिटलं नाही.

पुन्हा म्हटलं. जरा बरं झालं. तिसऱ्यांदा रडू आलं, ते प्लास्टरच्या धुळीने.

मागून पॉलिशवाली म्हणाली, ताई, ज्याला म्हणायचं त्याला जाऊन म्हणा, या जबड्यांचे मालक वेगळे आहेत. कधी आत आली कोण जाणे. तिने मला पाणी दिलं. काही विचारलं नाही, हे फार वाईट. तिने विचारूही नये इतकं माझं तोंड उतरलेलं दिसत असणार.

२३ मार्च, रविवार. दुपारी ४

सातवी. ड्रॅगनची. मला वाटलं होतं कंटाळा येईल.

नेहमीप्रमाणे शेवटचं पान काढलं. मुलगी ड्रॅगनच्या पाठीवर, समोर कडा, खाली धुकं. ती उडी घेते. संपलं. पुढचा भाग वेगळ्या पुस्तकात. असे सात भाग आहेत म्हणे.

जगते की नाही? लेखकाला जराही लाज नाही. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतली, कुठेतरी सूचना असेल म्हणून. सलग दीडशे पानं वाचली. जेवायचं राहिलं. मुलीला उंचीची भीती आहे. आई तिला जाऊ देत नाही आणि आई काही वाईट बाई नाही. पण दीडशे पानं वाचूनही ती जगते की नाही ते कुठेच सापडलं नाही.

शेवटी खारूला फोन लावला. पस्तीस दिवसांत पहिला. तिने उचलला. ती काही बोलायच्या आत विचारलं, ती पोरगी वाचते का एवढं सांग.

 ती म्हणाली, आई, नाही सांगणार.

म्हटलं, बरी आहेस का?

म्हणाली, बरी आहे. शनिवारी घरी येते.

घरी येते. स्वतःच्या तोंडाने. तीस तारखेच्या एक दिवस आधी. मी काय म्हणत होते?

२७ मार्च, गुरुवार

तिची खोली पुसून घेतली. नवा दिवा लावला. उशीचे अभ्रे बदलले, आवडले नाहीत, पुन्हा बदलले. शनिवारी बोलायचे मुद्दे कागदावर काढले: सात कादंबऱ्या, प्रत्येकी दोन मुद्दे. सॉरीला जागा उरली तर शेवटी.

नवरा कामावरून येताना सुट्या भागांचे रिकामे खोके घेऊन आला. आठ. म्हणाला, लागतील. अखेर माळा आवरायचं मनावर घेतलं बहुतेक. एकंदरीत घरात चांगलं वातावरण आहे.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७

खोके पुस्तकांसाठी होते.

तिने त्या ऑफिसला पुन्हा लिहिलं होतं. खरं काय ते. ती जागा भरली गेली होती, पण दुसऱ्या शाखेत सहा महिन्यांसाठी खालची एक जागा आहे, ती दिली. अठरा तासांच्या प्रवासावर. माझ्या दोन ओळींनी चार तास वाढले, असं ती म्हणाली नाही. नवरा म्हणाला.

सोमवारी निघणार. त्याला दोन आठवड्यांपासून माहीत होतं.

मी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. कागद खिशातच राहिला. म्हटलं, त्या प्रेमकथेत त्याने फोन करायला हवा होता. ती म्हणाली, हो, सगळ्यांनाच असं वाटतं. म्हटलं, घोडे फार होते. म्हणाली, आई, तू ती वाचलीस का खरंच? म्हटलं, घोड्यांपर्यंत. तिला हसू आलं. तिने ते आवरलं, मी पाहिलं. पहिलं हसू होतं म्हणून मी धीर केला.

चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. खाली बघून, नखाने ते शोधत म्हणाले, ती मेल मी लिहिली. तू दहा दिवस वाट पाहिलीस ती मी पाहिली आणि गप्प बसले. तू तिकडे गेल्यावर पुढे काय, ते मला दिसत नव्हतं. माझं चुकलं.

जबड्यांसमोर जमलं होतं त्यापेक्षा वाईट झालं. आवाज चिरकला.

मग थांबले. अशा ठिकाणी मुलगी आईच्या गळ्यात पडते. दोन कादंबऱ्यांत तरी मी पाहिलं आहे.

खारूने हातातल्या पुस्तकाच्या कडेवरची धूळ पुसली. मग म्हणाली, हं.

मग म्हणाली, कात्री कुठे आहे?

कात्री दिली. आम्ही आठही खोके भरले. सातव्या खोक्याला तिचा हात माझ्या हातावर पडला, पण तो चिकटपट्टीसाठी.

३१ मार्च, सोमवार

दुपारी चारच्या बसने गेली. खिडकीची जागा मिळाली. नवऱ्याने हात हलवला. मी तिच्या बॅगेच्या चेनकडे बघत होते, ती नीट लागली नव्हती.

घरी येऊन शेल्फ पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५.१५

काल दुपारी ती पोचल्याचा मेसेज आला. बापाला. मला वेगळा करायचा राहिला असेल, नवीन जागा, धावपळ.

आज दिवसभर काही नाही. लॅबमध्ये फोन चार्जिंगला लावून ठेवला होता, समोरच. पॉलिशवाली म्हणाली, ताई, बघून वाजत नाही तो.

ती सकाळी काही न खाता बाहेर पडते. थंडी वाजली तरी सांगत नाही. कामात बुडाली की पाणी पीत नाही, मग डोकं दुखतं. हे तिच्या साहेबांना कोण सांगणार? ऑफिसचा पत्ता माझ्याकडे आहेच. काळजीपोटी दोन ओळींची मेल लिहिली, अगदी सभ्य भाषेत. गेल्या वेळची चूक या वेळी केलेली नाही. खाली नाव माझंच घातलं आहे.

पाठवलेली नाही. ड्राफ्टमध्ये आहे.